शहनाजची फौज

दसरा होऊन गेला की माझ्या खिडकीखालचा रस्ता दिवसभर भरून वाहतो. ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर जातात, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. त्यांत बोचकी, पत्र्याच्या पेट्या, हंडे, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. बायकांनी कान बांधलेले असतात आणि पोरं ट्रॉलीच्या कडेला धरून मागं पडणाऱ्या रस्त्याकडं बघत असतात. ऊसतोडीला निघालेला जिल्हा असा माझ्या डोळ्यांसमोरून जातो. मी बीडला राहते, निवृत्त आहे, एकटी आहे. चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहते आणि कुणी ओळखीचं नसतानाही शेवटची ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत हलत नाही.

लोकांना हिवाळा थंडीवरून कळतो, मला तो रिकामेपणावरून कळतो. पस्तीस वर्षं शिक्षिका होते, त्यामुळं असेल. ज्या वर्गात जून महिन्यात बसायला जागा नसायची, त्याच वर्गात दिवाळीनंतर माझा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. या सगळ्या हिवाळ्यांमध्ये एक मात्र वेगळा राहिलाय. माझी पहिली नेमणूक वडवणीला होती तेव्हाचा. कुवेतवरून आखातात लढाई पेटली तो हिवाळा.

वडवणी तेव्हा तालुका झालेली नव्हती. आठवड्याचा बाजार भरायचा त्या दिवशी गाव गजबजायचं, बाकी दिवस एसटी थांबायची, धूळ उडायची, एसटी निघून जायची. मी चोवीस वर्षांची होते. घर सोडून कधी राहिले नव्हते. खोली शोधताना पहिला प्रश्न आडनावाचा यायचा. आडनाव सांगितलं की खोली आधीच कुणाला तरी दिलेली असायची. एकानं तर किल्ली हातात दिली होती, ती परत मागून घेतली. आमच्या घरात छपन्न सालच्या धर्मांतरानंतर जन्मलेल्या पोरांना असल्या गोष्टींनी रडायचं नाही असं शिकवलेलं होतं, म्हणून मी रडले नाही. पण संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बॅग घेऊन बसले होते, तेव्हा शिपाई म्हणाला, "उस्मानचाचाकडं इचारून बघा बाई. मोटारी भरतो तो."

उस्मानचाचांचं दुकान रस्त्याला लागून होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडं यायच्या. जुनी तार काढून नवी तांब्याची तार ते हातानं गुंडाळायचे. दुकानात व्हार्निशचा वास भरलेला असायचा. मागं अंगण, हापसा, आणि अंगणाच्या कडेला एक सुटी खोली. त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. म्हणाले, "रेडिओ मोठ्यानं लावता का?"

"नाही."

"मग ऱ्हावा. आमच्या म्हातारीचं डोकं उठतं आवाजानं."

घरात चाचा, त्यांची बायको, जिला सगळे अम्मी म्हणायचे, आणि सून. मुलगा इक्बाल सौदीत होता, दम्मामला, एसी दुरुस्त करायच्या कामावर. सुनेचं नाव शहनाज. ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. पहिला महिनाभर ती मला फक्त हापशावर दिसायची. डोक्यावरून ओढणी, बादली भरायची, हसायची, आत जायची.

दसरा झाला आणि आठ दिवसांत माझा तिसरीचा वर्ग ओस पडला. मला हे माहीत होतं, जिल्ह्यातलीच होते, पण खुर्चीत बसून बघणं वेगळं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. कोयता गेला की पोरंही जातात. मागं राहिली ती ज्यांच्या घरी आजी होती तेवढी, बोटांवर मोजण्याइतकी. मी हजेरी मात्र सगळ्यांची घ्यायची. गेलेल्यांची नावंसुद्धा वाचायची, आणि मागं राहिलेली पोरं कुणी काही न सांगता त्यांच्या वतीनं उत्तर द्यायची, "सांगलीला, बाई." "कर्नाटकात, बाई."

शनिवारी शाळा सकाळची असायची. अशाच एका शनिवारी दुपारी खोलीत पडले होते आणि पलीकडून आवाज आला. चिरका, खरखरता, थांबून थांबून येणारा. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. आधी वाटलं दुकानातलं काही असेल. पण चाचा तर जेवून झोपलेले. आवाज घरातून येत होता. मी अंगण ओलांडून दारात गेले.

मधल्या खोलीत टीव्ही सुरू होता आणि त्याच्या काचेवर पट्टे पळत होते. समोर चटईवर शहनाज बसलेली. तिच्यापुढं काळी, वहीएवढी, रबरी बटणांची एक चपटी पेटी होती, तिच्यातून वायरी निघून एक टीव्हीला आणि एक टेपरेकॉर्डरला गेलेली. आवाज त्या कॅसेटमधून येत होता. खेळ कॅसेटवर भरलेला असायचा आणि आधी असा वाजून यंत्रात उतरायचा, हे मला नंतर कळलं.

"तरास होतो का, बाई? बंद करू?"

"नको नको. काय आहे हे?"

"कंपुटर," ती म्हणाली. आमच्या मुख्याध्यापकांनी तोवर कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. मीही नाही.

आवाज थांबला. पट्टे गेले आणि काचेवर एक नकाशा उभा राहिला. काळापांढरा टीव्ही, त्यामुळं सगळं राखाडी. मधून नदी, नदीवर पूल, वरच्या अंगाला टेकड्या, दोन-तीन गावं, आणि दोन्ही बाजूंना बारके बारके चौकोन. एकेक चौकोन म्हणजे एकेक पलटण, हे तिनं सांगितलं. ती बटणं दाबायची, एक चौकोन एक घर पुढं सरकायचा. सगळे सरकवून झाले की ती उठली, चटईच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, बराच वेळ नकाशाकडं बघत राहिली, आणि मग दुसऱ्या बाजूचे चौकोन हलवायला लागली.

"जागा कावून बदलता?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझीही भाषा घरची व्हायची.

"तिकडं बसले की मी माझी. हिकडं बसले की मी ते." ते म्हणजे इक्बाल. "दोघांनी खेळायचा खेळ हाय, बाई. एकाची पाळी झाली की दुसऱ्याची."

"मग जिंकतं कोण?"

ती थोडी लाजली. "जास्ती करून तेच."

यंत्र इक्बालनंच आणलेलं होतं. लग्नासाठी सुट्टीवर आला तेव्हा. तिकडं कुणीतरी जुनं म्हणून काढलेलं त्यानं घेतलं होतं. दोन महिने तो इथं होता, त्या दोन महिन्यांत घरात सासू-सासरे, येणारे-जाणारे, आणि नवराबायकोला मोकळं बोलायला कोपरा नाही. अंगणात बसलं तर दुकानातून दिसतं, आत बसलं तर अम्मी हाक मारतात. पण या खेळाला कुणाची हरकत नव्हती. इक्बाल लढाई शिकवायचा, ती शिकायची. एकाची चाल चालू असताना दुसऱ्यानं बघायचं नाही असा नियम होता, म्हणून ती भिंतीकडं तोंड करून बसायची, आणि तो चाल करता करता हळू आवाजात तिच्याशी बोलत राहायचा. काय बोलायचा ते तिनं सांगितलं नाही. मग तो गेला, आणि पेटी राहिली.

त्या दिवसापासून दुसऱ्या टोकाला मी बसायला लागले.

शाळा सुटली की मी चहा घ्यायची आणि दिवे लागायच्या आत आमचा एक डाव व्हायचा. म्हणजे लाईट असली तर. मोटारी चालायच्या दिवसांत लाईट फार जायची, आणि मधेच गेली की सगळी लढाई पुसली जायची. पुन्हा कॅसेट, पुन्हा तो आवाज. शहनाजला त्याचं वाईट वाटायचं नाही. "चला, सगळे जित्ते झाले," असं म्हणायची.

खेळाबरोबर एक पुस्तिका होती, इंग्रजीत. ती मी वाचून तिला सांगायचे. टेकडी चढताना पलटण थकते. रस्त्यानं गेली तर लवकर पोचते. नदी फक्त पुलावरून ओलांडता येते. एका जागी अडले. मागून येणारं अन्नपाणी, दारूगोळा, या सगळ्याला तिथं एकच शब्द होता आणि मला तो नीट सांगता येईना. मी सांगत राहिले, ती ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "रसद म्हणा की, बाई. लई सोपं हाय."

रसदीत ती फार पक्की होती. मी आपली पूल जिंकायच्या मागं. चौकोन पुढं ढकलत न्यायची, आणि तीन-चार पाळ्यांत माझ्या पलटणी बारीक होत होत विझून जायच्या, कारण शहनाजनं मागचा रस्ता गुपचूप अडवलेला असायचा. ती स्वतः कधी घाईनं चढाई करायची नाही. सगळ्यांना सोबत ठेवायची. एखादा चौकोन मागं राहिला असेल तर बाकीच्यांना थांबवायची. मी एकदा म्हटलं, "अशानं कधी पोचणार?" तर म्हणाली, "एकट्याला मागं सोडून पोचायचं कुठं, बाई?" तिनं ते सहज म्हटलं होतं. मी मात्र माझ्या पाळीला भिंतीकडं तोंड करून बसले तेव्हा बराच वेळ तेच मनात घोळवत होते.

मला त्या गावात दुसरं कुणी नव्हतं. शाळेतले गुरुजी आपापल्या गावी जाऊन-येऊन करायचे. बीडला घरी जायचं तर महिन्यातून एकदा. संध्याकाळी अंगणाच्या या खोलीत एक बाई आणि त्या खोलीत एक बाई, आणि मधे दोन फौजा. आम्ही फारसं बोलायचोही नाही. ती तिच्या पाळीला बटणं दाबत असायची आणि मी भिंतीकडं बघत तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत बसायची. कुणी तरी त्याच खोलीत आहे आणि विचार करतंय, एवढंही पुरायचं.

शुक्रवारी इक्बालचा फोन यायचा. फोन चौकातल्या किराणा दुकानात होता. दिवस कलताना शहनाज चाचांबरोबर जायची आणि पोत्यावर बसून राहायची. दुकानात गिऱ्हाइकं, दुकानदार, त्याचा नोकर, शेजारी सासरे. अशा ठिकाणी बायको नवऱ्याशी काय बोलणार? तिचा आणि इक्बालचा एक डाव निराळ्या कॅसेटवर होता, आमच्या डावांशी त्याचा संबंध नव्हता. तो फोनवर त्याची चाल सांगायचा. ती ऐकायची, घरी येऊन खेळायची, स्वतःची चाल करायची, डाव पुन्हा कॅसेटवर उतरवून ठेवायची आणि पुढच्या शुक्रवारी त्याला सांगायची. "पुलावरच्या तिघांना मी टेकडीआड नेलं," असं ती किराणा दुकानात उभी राहून म्हणायची. "तुमच्या त्या मधल्याला जपा, तो लई दमलाय." चाचा परत येताना विचारायचे, "कोण दमलाय गं?" ती म्हणायची, "त्यांच्या कामावरचा हाय कुणी."

हे सांगताना तिला हसू आवरायचं नाही. मी तिला एवढं हसताना फक्त शुक्रवारी पाहिलं.

जानेवारीत लढाई सुरू झाली. खरी. त्याच टीव्हीवर बातम्यांत नकाशा दाखवायचे. समुद्र, वाळवंट, आणि त्यावर काळे बाण. आमच्या खेळासारखाच नकाशा, तसाच राखाडी. दम्मामच्या बाजूला क्षेपणास्त्रं पडली असं बातम्या देणारी बाई म्हणाली, आणि पुढच्या बातमीकडं वळली. शहनाज उठून टीव्हीजवळ गेली. काचेवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यात ते कुठल्या चौकोनात असतील, बाई?"

मला भूगोल शिकवता यायचा. मी बोट धरून तिला दम्माम दाखवलं. तोवर नकाशा गेला आणि हवामान आलं.

बाजारात लोक लढाईवर बोलायचे तसे क्रिकेटवरही बोलत नसत. कुणी दुकानात येऊन चाचांना विचारायचं, "काय चाचा, तुमचा कोण? इराकवाला का अमेरिकावाला?" चाचा तार गुंडाळत राहायचे. एकदा मान वर न करता म्हणाले, "माझा एसीवाला हाय तिकडं. तेवढाच माझा." विचारणारा मोटार घ्यायला आला होता, ती न घेताच गेला.

शुक्रवार आला. फोन आला नाही. पुढचा आला, तेव्हाही नाही. चाचांनी किराणा दुकानात जायचं सोडून दिलं. म्हणाले, त्या पोत्यावर बसलं की माझे पाय थंड पडतात. मग मी शाळेतून परस्पर तिथं जायला लागले. शहनाज आधीच येऊन बसलेली असायची. दुकानदार भला माणूस होता. मधे मधे रिसीव्हर उचलून कानाला लावायचा आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायचा, "लाईन चालू हाय." म्हणजे दोष फोनचा नव्हता. हे ऐकून बरं वाटायचं की वाईट, मला ठरवता यायचं नाही. अंधार पडायला लागला की तो दिवा लावायचा, आम्ही उठायचो. रस्त्यानं परत येताना ती माझा हात धरायची. गावात बायका अशा हात धरून चालत नाहीत. लोक बघायचे. तिनं सोडला नाही आणि मीही सोडवून घेतला नाही.

शाळेत मागं राहिलेली पोरंही तेव्हा आजारी पडली होती. एके दिवशी वर्गात फक्त एक मुलगी होती. मी तिला म्हटलं, "घरी जा." ती म्हणाली, "मग तुमी काय करताल?" मी तिला गोष्ट सांगत बसले.

आमचे डाव बंद पडले होते. पेटीवर शहनाजनं विणलेला रुमाल टाकून ठेवला होता. आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तिनं तो काढला. इक्बालबरोबरच्या डावाची कॅसेट लावली. पाळी इक्बालची होती. महिनाभर तशीच अडून राहिलेली.

"बाई, त्यांची चाल मी करू का?"

"कर की."

"ते काय करतील असं वाटतं तुमाला?"

मी नकाशा बघितला. इक्बालची फौज चांगली होती. पूल त्याच्याकडं, दोन गावं त्याच्याकडं. "पुढं येतील," मी म्हटलं. "तुझं हे गाव घेतील."

तिनं मान हलवली. मग ती त्याच्या टोकाला जाऊन बसली आणि एकेक करून त्याचे चौकोन मागं न्यायला लागली. पूल सोडला. टेकडी सोडली. स्वतःच्या पाळीला ती तिच्या जागी आली, पण तिनं तिचा एकही चौकोन हलवला नाही. पुन्हा तिकडं गेली. पुन्हा सगळे मागं. गावं मोकळी पडली. थकलेल्याला आधी, मग बाकीच्यांना, असं करत करत तिनं इक्बालची सगळी फौज नकाशाच्या कडेला, नदीच्या वरच्या अंगाला नेली. तिथं पाणी होतं आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. तिथं त्यांना एकमेकांना लावून उभं केलं.

"आता?" ती म्हणाली.

"पाळ्या ठरलेल्या असतात. त्या संपल्या की यंत्र निकाल देतं."

मग ती नुसतं बटण दाबत राहिली. इकडून एक पाळी, तिकडून एक पाळी. कुणीच हलत नव्हतं. टीव्हीवर दोन फौजा आपापल्या जागी उभ्या. अम्मी मधे येऊन बघून गेल्या. शेवटी नकाशा गेला आणि इंग्रजीत ओळ आली. गावं सोडली म्हणून यंत्रानं इक्बालला हरवलं होतं. त्याच्या फौजेचा पाडाव झाला, अशी ती ओळ होती.

"काय लिव्हलंय, बाई?"

"बरोबरी झाली," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. "मला इंग्रजी वाचता येत न्हाई. पण तुमचं तोंड वाचता येतं." मग टीव्ही बंद करून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं पीठ मळायला घेतलं. मी बाहेर हापशावर जाऊन विनाकारण एक बादली भरली. त्या घरात मी ऐकलेला तिचा एवढाच एक रडण्याचा आवाज, तोही परातीच्या आवाजाखाली.

लढाई संपल्याचं बातम्यांत आलं त्याच्यानंतरही बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी मी फळ्यावर गणित लिहीत होते आणि पोरं उठून उभी राहिली. दारात शहनाज. शाळेच्या दिशेला ती त्याआधी कधी आली नव्हती. पायांत चपला नव्हत्या, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरलेली.

"आलता फोन," ती म्हणाली. "बोलले. लई वेळ बोलले."

"काय म्हणाले?"

"काय की. मला कायबी ऐकू आलं न्हाई. आवाज तेवढा ऐकला."

इक्बाल आला तो ऊसतोडीची माणसं परत येण्याच्या सुमाराला. रस्त्यावर पुन्हा ट्रॅक्टर, आता उलट्या दिशेनं. माझा वर्ग भरला. काळी पडलेली, अक्षरं विसरलेली, कानडी शिव्या शिकून आलेली माझी पोरं. वर्गात उकाडा आणि गलका. आणि चाचांच्या घरात पाहुण्यांची रांग.

इक्बाल उंच होता, फोटोत होता त्यापेक्षा पुष्कळ वाळलेला. तिकडं काय झालं हे सगळे विचारायचे. तो म्हणायचा, "कंपनीनं आमाला आत वाळवंटात नेलतं. तिथं फोन नव्हता." एवढंच. मग दुसऱ्या विषयावर जायचा. चाचांनी एकदा खोदून विचारलं तर उठून गेला.

एका संध्याकाळी शहनाजनं मला बोलावलं. "तुमी बी या. आज तिघं बसू." तिनं भजी केली होती, चटई झटकून घातली होती. इक्बाल टेकून बसला होता, हसत होता. तिनं पेटीवरचा रुमाल काढला, कॅसेट घातली आणि बटण दाबलं. तो चिरका आवाज सुरू झाला.

इक्बालच्या हातातली बशी खाली पडली. तो भिंतीला लागून उभा राहिला, मग दारातून, अंगणातून, दुकानातून थेट रस्त्यावर गेला. शहनाज टेप बंद करायलाही विसरली. मी केला. भोंगा वाजला की खाली तळघरात पळायचं, असं त्याला तिकडं शिकवलेलं होतं, हे मला पुढं कधीतरी चाचांकडून कळलं. तेव्हा आम्हा दोघींना काहीच कळलं नव्हतं. तासाभरानं चाचा त्याला घेऊन आले. तो कुणाकडं न बघता आत जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी हापशावर शहनाज म्हणाली, "बाई, आता ते नको." मी म्हटलं, "नकोच." तिनं पेटी, वायरी, कॅसेटी सगळं एका पोत्यात घालून माळ्यावर टाकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, दुःखही नव्हतं. माणूस घरी आला होता, आणखी काय पाहिजे?

मलाही तसंच वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण शाळा सुटून मी खोलीवर यायची, चहा करायची, आणि मग करण्यासारखं काही उरायचं नाही. अंगणापलीकडं दोघांच्या बोलण्याचा आवाज असायचा. तो ऐकून बरं वाटायचं आणि मी माझं दार लोटून घ्यायची. तिच्याकडं जायला कारण राहिलं नव्हतं. बोलून मैत्री करायची सवय आम्ही कधी लावूनच घेतली नव्हती. हापशावर भेटायचो. ती हसायची, बादली भरायची, आत जायची.

पुढच्या वर्षी माझी तलवाड्याला बदली झाली. मग आणखी गावं. लग्नाचं राहून गेलं. आधी भावाचं शिक्षण होतं, मग आईचं आजारपण, मग कुणी विचारायचंच बंद झालं. शहनाजला पहिली मुलगी झाली तेव्हा जाऊन आले होते. नंतर एकदा वडवणीच्या बाजारात दिसली, दोन पोरांचे हात धरून. गर्दी होती, माझी एसटी लागलेली होती. "या की बाई घरी," ती म्हणाली. "येते," मी म्हटलं.

या वर्षी दसऱ्यानंतर खिडकीत उभी होते आणि का कोण जाणे, कप ठेवला, पिशवी घेतली आणि वडवणीची एसटी पकडली.

चौक ओळखू आला नाही. किराणा दुकानाच्या जागी मोबाइलवाला बसतो. चाचांचं दुकान मात्र तिथंच आहे, आता काचेचं, आत कूलर आणि पंखे मांडलेले. गल्ल्यामागं एक पिकल्या दाढीचा माणूस बसला होता. त्यानं मला आधी ओळखलं, मग मी इक्बालला.

"बाई ना? मास्तरीणबाई?"

त्यानं खुर्ची दिली, नोकराला चहाला पाठवलं. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "उन्हाळ्यात गेली ती. झोपेतच. तुमाला कळवावं असं लई वाटलं. नंबर न्हवता कुणाकडं."

मी अंगणाकडं बघितलं. अंगण राहिलं नाही. तिथं गोदाम झालंय.

आम्ही चहा घेतला. तो मुलांबद्दल सांगत होता, मुलगी माजलगावला दिलीय, मुलगा दुकान बघतो.  रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते आणि त्यांच्या धक्क्यानं काचा हलत होत्या. मी उठायचा विचार करत होते तेव्हा तो म्हणाला, "बाई, एक इचारू? मी तिकडं होतो, लढाईत, तवा ती कशी होती?"

"तिनं सांगितलं नाही कधी?"

"न्हाई. मी बी इचारलं न्हाई. मला वाटायचं, मी तिला इचारलं तर ती मला इचारंल. अन् मला सांगता येणार न्हाई." तो गल्ल्यावरची धूळ पंज्यानं पुसत होता. "अशी सगळी वर्सं गेली. चांगली गेली तशी. पण त्या दिसांवर आमी दोघं कधी बोललोच न्हाई."

मग मी सांगितलं. पोतं, लाईन चालू हाय म्हणणारा दुकानदार, टीव्हीच्या काचेवरचं तिचं बोट, हात धरून येणं. तिनं त्याची फौज पाण्याजवळ नेऊन ठेवली तेही सांगितलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यानं हातानंच नंतर या म्हटलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, रस्त्याकडं बघत होता. मधेच एकदा त्यानं चष्मा काढला आणि पुन्हा लावला नाही.

माझं सांगून झालं. ऊन उतरलं होतं, बीडची शेवटची गाडी यायची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली.

"बाई," तो म्हणाला, "जायची घाई हाय का?"

"का हो?"

"वाळवंटात काय झालं ते तिला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. पोरांना कसं सांगू? तुमी तिच्या शेजारी बसलेल्या. तुमी ऐकताल का?"

चौकात एसटी येऊन थांबली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. मी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची जरा पुढं ओढून घेतली.